वही न मागणारे मौलवीसाहेब

फारसी मी शिकलो नाही. शिकलो ते एक वाक्य, आणि ते असं घोटून घेतलं की सव्वा-दीड वर्ष त्याच्यावर निभावलं. "मन सबक रा तमाम कर्दम." म्हणजे, मी धडा पुरा केला. आजही कुणी म्हणायला सांगितलं तर मी ते ठसक्यात म्हणून दाखवीन. धडा मात्र मी एकदाही पुरा केला नव्हता. त्यापायी एका भल्या माणसाची नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा मोठं असं त्यांचं विद्वान म्हणून असलेलं नाव गेलं. ते मी घालवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सांगताना मी स्वतःची बाजू सावरायला लागलो तर वाचणाऱ्यानं मला ओळखून असावं.

आमचं गाव रोहिणखेडपासून दोन कोसांवर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे शाळाखात्याचे हुकूम नागपुराहून यायचे. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकणाऱ्यानं तालुक्याला जाऊन राहायचं. माझी मावशी तिथं होती, म्हणून माझी सोय झाली. हायस्कुलात दुसरी भाषा घ्यावी लागे, संस्कृत नाहीतर फारसी. आमच्यासारख्या कुणब्यापाटलांच्या घरची मुलं बहुधा संस्कृतात जात. मला फारसीत बसवलं ते एका कागदासाठी.

हा कागद आमच्या देवघरात पितळी नळकांड्यात असे. पणजोबांच्या वेळचा, फारसीत लिहिलेला, खाली काळा शिक्का. त्यात काय आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पण फारसी आहे आणि शिक्का आहे त्याअर्थी इनामाचाच असणार, याबद्दल बाबांना तिळमात्र शंका नव्हती. दसऱ्याला वखर, पांभर, विळे, कोयते मांडले की मधोमध हा कागद पाटावर यायचा. त्याला हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, सगळ्यांनी पाया पडायचं. वर्षानुवर्षं हळद खाऊन त्याचा एक कोपरा पिवळाधमक झाला होता. मी फारसीत गेल्यापासून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आता आपला पोरगाच वाचून दाखवते." मला ते ऐकायला फार आवडायचं.

फारसीला आम्ही पाच जण होतो. शिकवायला रोहिणखेडचे मौलवीसाहेब. उंच, किंचित वाकलेले, अंगात कायम तोच राखी रंगाचा लांब कोट. त्यांच्या घरात तीन पिढ्या शिकवण्याचंच काम होतं. तालुक्यातले मोठमोठे लोक जुने कागद घेऊन त्यांच्याकडे येत आणि दारात जोडे काढून बसत. वर्गाचं मात्र काही खरं नव्हतं. हेडमास्तरांनी आमच्यासमोरच त्यांना सांगितलं होतं, की मुलं टिकली तर वर्ग टिकेल. वर्ग टिकला तर मौलवीसाहेबांची जागा टिकेल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्हा पाचांनाही ते कळलं.

पहिल्याच दिवशी मौलवीसाहेबांनी आम्हाला दोन वाक्यं शिकवली. एक ते वर सांगितलेलं. दुसरं, "मन सबक रा तमाम नकर्दम," धडा पुरा केला नाही. रोज सकाळी एकेकानं उभं राहायचं, उजवा हात कपाळाशी न्यायचा आणि दोहोंपैकी जे खरं असेल ते म्हणायचं. पहिलं वाक्य म्हटलं की मौलवीसाहेब "आफरीन!" म्हणत आणि आपल्या लांबट वहीत त्या मुलाच्या ओळीवर लाल शाईनं खूण करीत. दुसरं म्हणणाऱ्याला छडी नाही, उठाबशा नाहीत, काही नाही. मधल्या सुट्टीत ते त्याला जवळ बसवून घेत आणि धडा करवून घेत. कधी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरही देत, आणि ज्या मुलांना त्यांच्या डब्यातलं चालायचं नाही त्यांच्यासाठी खिशात फुटाणे असत.

आणि ते वही बघायला मागत नसत. कधीच नाही. आमच्यातल्या एकानं सुरुवातीला आपली वही पुढं केली तर त्यांनी ती हातानं मागं सारली. "तू सांगतलं ना? मंग झालं. तुह्या तोंडावर भरोसा नाही म्हणून वही पाहू काय?" असं म्हणाले. त्यांच्या वडिलांनी असंच शिकवलं होतं, आजोबांनीही असंच. धडा झाला म्हणणाऱ्याची वही मागणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं, अशी त्यांच्या घराची रीत होती.

मला ही रीत फारच सोयीची वाटली.

पहिलं खोटं मी तिसऱ्या आठवड्यात बोललो. आदल्या दिवशी संध्याकाळी सरकी काढायच्या जिनाच्या आवारात कापसाच्या गाड्या उतरत होत्या आणि आम्ही पोरं त्या पांढऱ्या ढिगांवर उड्या मारत होतो. घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळी उभा राहिलो तेव्हा खरं म्हणजे दुसरं वाक्य म्हणणार होतो. पण मधल्या सुट्टीत हुतुतूचा डाव ठरलेला होता आणि माझ्याशिवाय आमची बाजू लंगडी पडली असती. मी कपाळाला हात लावला आणि पहिलं वाक्य म्हणून टाकलं. आवाज जरा कापला. मौलवीसाहेबांनी मान वर केली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, "आफरीन!" म्हणाले आणि लाल खूण केली. सुट्टीत मी दोन गडी मारले आणि ते विसरलो.

नंतर आवाज कापायचा थांबला. उलट मी ते वाक्य रंगवून म्हणायला लागलो. 'तमाम'वर जोर द्यायचा, 'कर्दम' जरा लांबवायचं. खऱ्या अभ्यासू मुलांपेक्षा माझं वाक्य ऐकायला चांगलं लागायचं. एकदा तर मौलवीसाहेबांनी बाकीच्यांना सांगितलं, की बोलावं तर असं बोलावं. त्यांनी मला स्वतः तासून बोरू करून दिला. तो घेताना मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू, चांगलीच वाटली. पण लाज वाटणं आणि अभ्यासाला बसणं यांत बरंच अंतर असतं, आणि मी ते कधी चाललो नाही. वर्षाच्या परीक्षेला चार पानं घोकून गेलो आणि काठावर वर चढलो.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याला घरी गेलो. ओसरीवर पाहुणे बसले होते. पूजा झाली. बाबांनी कागद पाटावरून उचलला, हळद फुंकली आणि माझ्यापुढं धरला.

"वाच बे. सगळेच वाट पाहून राह्यले."

मी कागद हातात घेतला. नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा दिसत होत्या. कुठं अक्षर सुरू होतं आणि कुठं संपतं तेही कळेना. पाहुणे पुढं सरकून बसले. आई दाराआड उभी होती. बाबांनी शाळेत घालताना बजावलं होतं, की लबाडी दिसली त्या दिवशी शाळा बंद आणि वखराचं रुमणं हातात. बाबा बोलले की तसं करणारे होते. मी कागद उलटा केला, सुलटा केला.

"काऊन बे? दुसरं वर्स लागलं ना?"

"मौलवीसाहेबानं हे शिकवलंच नाही," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, कारण ते खरंच होतं. जुन्या कागदांची लपेटी लिपी शाळेत कुणीच शिकवत नसे. पण पाहुणे हसले, आणि मी पुढं म्हणालो, "ते काहीच शिकवत नाहीत. नुसते बसून राहतात."

बाबांनी कागद गुंडाळून नळकांड्यात घातला. शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी बैलांची दमणी जुंपली, मला शेजारी बसवलं आणि नळकांडं मांडीवर घेऊन थेट हेडमास्तरांच्या खोलीत शिरले.

हेडमास्तर पुण्याकडचे. आमचं बोलणं ऐकलं की त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडायची. खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर ते आणि दुसरीवर बाबा. मौलवीसाहेबांना बोलावणं गेलं. ते वहीसकट आले आणि उभेच राहिले. मी त्यांच्या शेजारी.

"पोरगा म्हणते तुमी काही शिकवतच नाही," बाबा म्हणाले.

मौलवीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काही ऐकू आलं नाही म्हणजे माणूस जसा पाहतो तसं. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

हेडमास्तर शहाणे होते. ते म्हणाले, "पाटील, जुनं हस्ताक्षर राहू द्या. आपण क्रमिक पुस्तकच घेऊ." त्यांनी पुस्तकातला पहिला धडा उघडून माझ्यापुढं ठेवला. मला तोही वाचता येईना. दोन शब्द चाचपडलो आणि थांबलो. मग त्यांनी मौलवीसाहेबांची वही मागून घेतली. माझ्या ओळीवर पानामागून पान लाल खुणा होत्या, सुरुवातीचे काही दिवस सोडले तर एकही दिवस रिकामा नव्हता.

"यात तर यानं प्रत्येक धडा पुरा केल्याची नोंद आहे," हेडमास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "का रे, धडा झाला असं तू रोज यांना सांगत होतास?"

नुसतं हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, एवढं मला पक्कं आठवतं. पण बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळलेला दिसला आणि मी तोंड मिटलं.

"याले काय विचारता, साहेब," मौलवीसाहेब म्हणाले. "खुणा मी केल्या. न पाहता केल्या. गलती माझी."

हेडमास्तरांनी वही मिटली. बाबांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांनी नळकांड्यातून कागद काढला आणि मौलवीसाहेबांपुढं धरला. "पोराचं जाऊ द्या. तुमाले तरी येते काय? वाचा."

मौलवीसाहेबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. मी हातभर अंतरावर होतो. त्यांचे डोळे उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे, ओळीमागून ओळ सरसर जात होते. ओठ हलत होते, आणि अगदी बारीक गुणगुणल्यासारखा आवाज मला ऐकू येत होता. मधेच एका ठिकाणी त्यांच्या तोंडाचा कोपरा हसल्यासारखा हलला. ते शिक्क्यापर्यंत पोहोचले. मग त्यांनी कागद नीट गुंडाळला, दोन्ही हातांनी बाबांना परत दिला आणि म्हणाले, "हे अक्षर मले लागत नाही, पाटील."

बाबा मोठ्यानं हसले. हेडमास्तर हसले नाहीत, पण त्यांनी ज्या नजरेनं मौलवीसाहेबांकडे पाहिलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

बाबा दमणी आणायला पुढं गेले तेव्हा व्हरांड्यात आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, "तुमाले वाचता आलं ना?"

"हाव. पण बाबाले सांगू नको." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "त्यात इनाम-गिनाम नाही. तुह्या पणजोबाची घोडी काजीच्या ज्वारीत शिरली होती. पुन्हा सोडणार नाही, बांधून ठेवीन, असं त्याइनं कबूल करून देल्लं. खाली काजीचा शिक्का हाय. आता हे हेडमास्तरासमोर वाचू काय? कोपऱ्याले हळद लागली हाय, म्हणजे पाटील पुजते त्याले. पुजू दे."

"अन् वहीचं? ती गलती तुमी काऊन घेतली?"

"मास्तर गेला त दुसरा येते. पोरगा शाळेतून गेला त मंग परत येत नाही." ते माझ्याकडे वळले. "बाबू, मी शिकवत नाही असं काऊन सांगतलं?"

मी व्हरांड्याच्या खांबाचा चुना नखानं खरवडत राहिलो. त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि वर्गाकडे गेले.

वर्ग ते वर्ष कसाबसा चालला. बाबांनी ही हकिकत बाजारात सांगितली, जिनात सांगितली, कचेरीत सांगितली. फारसी न येणारा फारसीचा मौलवी! लोकांना गंमत वाटली. जोडे काढून बसणारे लोक कागद घेऊन दुसरीकडे जायला लागले. वर्गातल्या बाकी चौघांना तर कुणी काही विचारलंच नाही. वर्षअखेर फारसी बंद झाली, आम्हा पाचांना संस्कृतात टाकलं, आणि मौलवीसाहेब रोहिणखेडला परत गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी पाचही जणांच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याही. त्या हाताखाली उभं राहणं छडीपेक्षा जड गेलं. मला रडू आलं तेव्हा एका मुलाला वाटलं मी फार प्रेमळ आहे.

त्यांनी मला अभ्यास कर म्हटलं नव्हतं, पण मी केला. संस्कृतात तरी केला. म्याट्रिक झालो, बाबांनी गावात पेढे वाटले. मौलवीसाहेबांबद्दल कानावर येत राहायचं. रोहिणखेडच्या बाजारात बसून ते लोकांचे अर्ज लिहून देतात, चार पोरांना अलिफ-बे शिकवतात. मी त्या बाजाराला जायचं टाळत होतो. जावं लागलंच तर मशिदीकडची वाट सोडून लांबून जायचो. जाऊन पाया धरावे, सगळं बोलून मोकळं व्हावं, असं अनेकदा ठरवलं. मनातल्या मनात त्यांनी मला अनेकदा माफही केलं. घरी मात्र मी ब्र काढला नाही. मी तेव्हा लहान होतो, भेदरलो होतो, लहान पोरगा बापासमोर काय बोलणार, असं स्वतःला समजावत होतो, आणि ते बऱ्यापैकी पटतही होतं.

मग जानेफळाकडचे एक पाहुणे घरी आले. तिकडं कुठंतरी नवीन हायस्कूल काढायचं चाललं होतं आणि हे पंचांपैकी एक होते. चहा झाला, पिकाचं बोलणं झालं, आणि निघता निघता त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"पाटील, तुमी इकडचे. एक इचारायचं होतं. रोहिणखेडच्या एका मौलवीचा अर्ज आला हाय फारसीच्या जागेसाठी. अक्षर त लय सुंदर हाय. माणूस कसा हाय?"

बाबा मांडीवर थाप मारून हसले. "अक्षराले काय चाटता? त्याले फारसी येतच नाही!" आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली. खुर्च्या, हेडमास्तर, कागद, खिडकी. इतक्यांदा सांगून ती चांगली घोटली गेली होती. पाहुणे पोट धरून हसले, मग जरा गंभीर झाले आणि म्हणाले, की ऐकीव गोष्टीवर कुणाचं पोट मारू नये.

"ऐकीव कायची? हा पोरगा उभा होता तिथं." बाबा माझ्याकडे वळले. "सांग पाहुण्याले. खरं ना बे?"

पाहुणे माझ्याकडे पाहत होते. अर्ज त्यांच्या गुडघ्यावर उघडा होता आणि ते अक्षर मला बसल्या जागेवरून ओळखू येत होतं. खरं बोललो असतो तर घोडीचं निघालं असतं, बाबांची पाहुण्यासमोर फजिती झाली असती, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात घोडी नव्हती. 'मंग तू काऊन गप्प होता?' हा प्रश्न येईल, एवढंच होतं.

"हाव," मी म्हणालो.

पाहुण्यांनी अर्जाची घडी घातली. "बरं झालं इचारलं," ते म्हणाले, आणि जोडे घालायला उठले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.